मोकळे केलेले रान पुन्हा का भरते?

पत्राचा सारांश : धुळे जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातील एका भगिनीने हे पत्र लिहिले आहे. त्यांच्या सासरची नऊ एकर मुरमाड जमीन गावाच्या वरच्या अंगाला असून, अनेक वर्षे पडीक राहिल्याने तिच्यावर वेडी बाभूळ, सुबाभूळ आणि घाणेरी यांचे दाट रान माजले होते. घरी चार गाई, दोन म्हशी आणि पंधरा शेळ्या आहेत. शेतात दादर ज्वारीच्या जागी कपाशी आणि मका आल्यापासून घरचा कडबा उरलेला नाही, त्यामुळे चारा विकत घ्यावा लागतो. म्हणून या जमिनीचे कुरण करायचे ठरले. गेल्या चैत्रात जेसीबी लावून सहा एकर मोकळे केले, झाडाझुडपांचे ढीग जाळले आणि वैशाखात खतासाठी तिथे मेंढ्या बसवल्या. पावसाळा सुरू झाल्यावर मात्र बाभळीच्या बुंध्याबुंध्यातून झुबक्याने फुटवे आले, मधली जागा गाजरगवताने भरली, जळाल्या जागी घाणेरी उगवली आणि गवत मात्र तुरळकच आले. दीर म्हणतात, तणनाशक मारून एकदाचा निकाल लावू. सासरे म्हणतात, कोळसेवाल्याला रान देऊन मोकळे व्हा. नाल्याकडचे तीन एकर अजून तसेच आहेत, तेही साफ करावेत का, शेळ्या विकून टाकाव्यात का, आणि घातलेले पैसे वाया गेले का, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटी त्यांनी लिहिले आहे की, एका कालवडीच्या नाकपुडीवरची कातडी सोलून निघते आहे, डोळ्यांतून पाणी येते आणि ती उन्हात उभी राहत नाही.

ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत घाईची गोष्ट तुम्ही सर्वांत शेवटी लिहिली आहे, म्हणून मी तिच्यापासूनच सुरुवात करते. कालवडीची ही लक्षणे घाणेरी खाल्ल्याने होणाऱ्या विषबाधेशी जुळतात. घाणेरीच्या पानांत लँटाडीन नावाची विषारी द्रव्ये असतात आणि ती जनावराच्या यकृताला इजा करतात. यकृत नीट चालेनासे झाले की हिरव्या चाऱ्याच्या पचनातून तयार होणारे एक द्रव्य शरीराबाहेर न पडता रक्तात साठते, आणि मग ऊन लागले की नाकपुडी, कान, सड अशा उघड्या, पातळ जागांची कातडी भाजल्यासारखी सोलते. शेण कडक होणे किंवा बंद होणे आणि डोळे पिवळे पडणे, हेही तपासा. कालवडीला पूर्ण सावलीत बांधा, त्या रानातले चारणे लगेच थांबवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टरांना आजच बोलवा. कातडीला तेल-हळद लावून वाट पाहत बसू नका, कारण दुखणे कातडीवर दिसत असले तरी मूळ इजा आत यकृताला झालेली असते.

या दुखण्यातून तुमच्या रानाबद्दलही एक गोष्ट कळते. पोटाला दुसरे काही मिळत असेल तर जनावर सहसा घाणेरीला तोंड लावत नाही. ज्याअर्थी कालवडीने ती खाल्ली असावी, त्याअर्थी मोकळ्या केलेल्या सहा एकरांत तिच्या तोंडाला लागेल इतके गवत नाही. तुम्ही, तुमचे दीर आणि तुमचे सासरे यांची मते वेगवेगळी असली, तरी तिघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की नको ती झाडे निघाली म्हणजे कुरण तयार झाले. माझे मत याच्या उलट आहे. झाडे काढणे हा या कामातला लहान भाग आहे आणि तिथे गवत उभे करून दोन-तीन पावसाळे राखणे हा मोठा भाग आहे. उघड्या, उकरलेल्या आणि राखेने भरलेल्या जमिनीवर पहिला पाऊस पडतो तेव्हा ज्याचे बी तिथे सर्वांत जास्त असेल तेच उगवते, आणि तुमच्या जमिनीत इतकी वर्षे बाभळीचे, घाणेरीचे आणि गाजरगवताचेच बी साठत आले आहे. तेव्हा पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. अर्धे काम झाले आहे आणि उरलेले अर्धे अजून सुरू व्हायचे आहे.

तरीही पुढे जाण्याआधी थोडे मागे वळून पाहायला हवे. पत्रात तुम्ही सगळ्याच झाडांना एका नावाने रान म्हटले आहे, पण सगळी झाडे सारखी नसतात. वेडी बाभूळ, सुबाभूळ, घाणेरी आणि गाजरगवत या चारही वनस्पती मूळच्या अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशांतल्या आहेत. त्यांना खाऊन आवरणारे किडे तिकडेच राहिले, म्हणून त्या इकडे इतक्या माजतात. याउलट गावठी बाभूळ, हिवर, बोर, पळस, धावडा, खैर आणि आपल्या खानदेशाचे म्हणावे असे अंजनाचे झाड हे कुरणाचे शत्रू नाहीत. अंजनाचा पाला जनावरांना उन्हाळ्यात आधार देतो, हिवराच्या आणि गावठी बाभळीच्या शेंगा शेळ्या आवडीने खातात, आणि विरळ सावलीखाली गवत उलट जास्त दिवस हिरवे राहते. गावठी आणि वेडी बाभूळ ओळखण्यात गोंधळ होत असेल तर फूल आणि शेंग पाहा. गावठी बाभळीचे फूल पिवळ्या गोंड्यासारखे गोल असते आणि शेंग मण्यांची माळ ओवल्यासारखी मध्ये मध्ये आवळलेली असते. वेडीचा फुलोरा लांबट तुऱ्यासारखा असतो आणि पिकलेली शेंग सलग, पिवळसर असते. नाल्याकडच्या तीन एकरांत काय काय आहे हे गावातल्या एखाद्या जाणत्या गुराख्याला बरोबर घेऊन पाहिल्याशिवाय तिथे यंत्र नेऊ नका. तिथे देशी झाडांची रोपे वर येत असतील, तर ते तीन एकर कुरणात बदलण्याचा विचारच सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. नाल्याकाठची माती त्या मुळांनीच धरून ठेवलेली असते.

कायद्याची बाजूही इथेच सांगते. जमीन तुमच्या मालकीची असली तरी महाराष्ट्रात 1964 च्या झाडे तोडण्याबाबतच्या अधिनियमानुसार साग, मोह, खैर, अंजन, ऐन, तिवस, हळदू, चिंच, आंबा, जांभूळ अशी अनुसूचीतील झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. सातबाऱ्यावर किंवा फेरफारात जमिनीची नोंद वन म्हणून असेल, किंवा ती वनहक्क कायद्याखाली मिळालेली असेल, तर प्रश्न आणखी वेगळा होतो, आणि मग वन परिक्षेत्र कार्यालयात विचारल्याशिवाय एकही झाड हलवू नये. तोडलेल्या लाकडाच्या वाहतुकीचेही तिथेच विचारून घ्या.

आता दिरांचे म्हणणे पाहू. त्यांची घाई मला समजते, कारण वर्षभर राबून पुन्हा तेच रान पाहणे कोणालाही सहन होत नाही. पण तणनाशकाने या रानाचा एकदाच निकाल लागेल ही अपेक्षा चुकीची आहे. ग्लायफोसेट हे तणनाशक गवत आणि तण असा भेद करत नाही. तुमच्याकडे जे थोडे गवत आले आहे तेही त्याने जाईल आणि जमीन पुन्हा उघडी पडेल. शिवाय 2022 साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घालून ते परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरते मर्यादित केले. टू-फोर-डी हे दुसरे तणनाशक गवत वाचवते आणि रुंद पानांचे तण मारते, म्हणून ते सोयीचे वाटते, परंतु कपाशी त्याला फारच नाजूक असते. वाऱ्यावर उडालेल्या थोड्या तुषारांनीही शेजारच्या शेतातली कपाशीची पाने आकसून बोटांसारखी होतात आणि पात्या-फुले गळतात. चोहीकडे कपाशी उभी असताना वरच्या अंगाच्या रानातून ती फवारणी करणे म्हणजे शेजाऱ्याचे नुकसान आणि आयुष्यभराचे वैर ओढवून घेणे होय. आणि इतके करूनही जुन्या बाभळीच्या बुंध्याचा पाला जळतो, पण बुंधा जिवंत राहतो. बुंध्यावर जळके ऑइल ओतण्याचा प्रकारही काही ठिकाणी चालतो. त्याने माती नासते, म्हणून तोही करू नका.

वेडी बाभूळ पुन्हा का फुटते ते समजले की उपाय आपोआप सुचतो. तिचे फुटवे जमिनीलगतच्या आणि जमिनीखालच्या थोड्याशा भागातून, म्हणजे खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या सांध्यातून येतात. जेसीबीच्या दात्याने खोड मोडते, पण तो सांधा बऱ्याचदा जमिनीतच राहतो, आणि एका खोडाच्या जागी पाच-सात खोडांचे झुडूप उभे राहते. म्हणून बुंध्याभोवती टिकावाने खणून, साधारण एक फूट खोल मुळाचा भाग उघडा करून, त्या सांध्याच्या खाली घाव घालून बुंधा बाहेर काढावा लागतो. काम कष्टाचे आहे, पण माती ओली असताना ते निम्म्याने हलके होते, आणि तुमच्याकडे अजून तेवढी ओल आहे. या वर्षी बियांपासून उगवलेली रोपे तर आत्ता हातानेच मुळासकट उपटता येतील. त्यांची मुळे खोल जातात, त्यामुळे हीच रोपे पुढच्या वर्षी हाताला दाद देणार नाहीत. मजुरीचे पैसे मोजकेच असतील तर ते बुंध्यांच्या आधी रोपांवर खर्च करा.

घाणेरीसाठीही जवळपास हीच रीत लागू पडते. दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाणेरी काढण्याची जी पद्धत मांडली, तिच्यात झुडपाचे मुख्य मूळ जमिनीच्या पृष्ठभागाखाली काही सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटे करून ठेवतात, म्हणजे ते पुन्हा मूळ धरत नाही. वरून कापणे किंवा जाळणे याने ती उलट जोमाने येते, हे तुम्ही यंदा पाहिलेच आहे. ती फळे धरण्याआधी काढा. तिची काळी फळे बुलबुल आणि साळुंक्या खातात आणि जिथे बसतात तिथे बी टाकतात, म्हणून दर पावसाळ्यात मोठ्या झाडांखाली आणि कुंपणाच्या खांबांपाशी आधी नजर टाकायची. पुढच्या वर्षी जाळण्याचा मोह मात्र आवरा. उपटलेल्या झुडपांचे ढीग खडकावर वाळू द्या आणि चुलीला वापरा.

गाजरगवताने तुम्ही सर्वाधिक घाबरलेल्या दिसता, पण या चौघांत मला त्याची काळजी सर्वांत कमी वाटते. ते उघड्या जमिनीचे तण आहे आणि गवताने जागा धरली की त्याचे बळ ओसरते. फक्त त्याला बी धरू देऊ नका, कारण एका रोपापासून हजारो बिया होतात. आत्ता जिथे फुले आली नाहीत तिथे उपटा, आणि जिथे आली आहेत तिथे कापून खड्ड्यात गाडा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच हे काम करा आणि ज्यांच्या अंगाला खाज येते किंवा ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना या कामावर मुळीच पाठवू नका. त्याची पाने खाणारे मेक्सिकन भुंगे भारतात 1984 पासून सोडले जातात. पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तुमच्या भागातील कृषी विज्ञान केंद्रात त्यांची चौकशी करा. बांधांवर आणि रस्त्याच्या कडेला तरोट्याचे (टाकळ्याचे) बी फेकले तर तो गाजरगवताला दाबतो आणि पावसाळ्यात भाजीलाही होतो, मात्र जनावरे तो फारसा खात नसल्याने त्याला कुरणात शिरू देऊ नये.

सुबाभळीबद्दल माझे मत थोडे मवाळ आहे. तिचा पाला शेळ्यांना पौष्टिक असतो, पण त्यात मिमोसिन हे द्रव्य असते, त्यामुळे तो एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त देऊ नये, नाहीतर केस गळणे आणि अशक्तपणा दिसू लागतो. कुंपणाच्या एका ओळीतले बुंधे ठेवून ते वरचेवर कापत राहिलात, शेंगा कधीच धरू दिल्या नाहीत, तर चालेल. तेवढी नजर ठेवणे जमणार नसेल तर तीही मुळासकट काढावी.

आता खरे काम. सहा एकर एकदम हाताळू नका. त्यातले दोन एकर निवडा, आणि तेही जिथे रान सर्वांत दाट आहे ते नव्हे, तर जिथे आजही थोडे गवत टिकून आहे आणि जे चढाच्या वरच्या बाजूला आहे ते. वरचे बी पाण्याबरोबर खाली वाहते, म्हणून वरून खाली येणे शहाणपणाचे, आणि गवत असलेल्या जागी तुमच्या कष्टाला जमिनीची साथ मिळते. उरलेल्या चार एकरांत यंदा इतकेच करा की तिथले काहीही बी धरणार नाही. फुले येण्याआधी कापणी करा आणि बाकी काही उकरू नका. तुम्ही जेवढे राखू शकाल तेवढेच मोकळे करावे, एवढा एक नियम पाळला असता तर गेल्या चैत्रातला निम्मा खर्च वाचला असता. हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. ज्यांनी अजून यंत्र बोलावलेले नाही अशा वाचकांसाठी लिहिते आहे.

गवताचे बी बाजारात शोधण्याआधी आपल्या शिवारात पाहा. आश्विन-कार्तिकात पवन्या, डोंगरी, मारवेल ही गवते पिकतात. बांधांवर, गावच्या गायरानाच्या राखलेल्या कोपऱ्यात, एखाद्या देवराईच्या कडेला ती अजून सापडतात. ती कापून झोडपून बी कोरड्या जागी पोत्यात ठेवा. पवन्या आणि डोंगरी मुरमाड उतारावर तग धरतात, मारवेलीला जरा भारी, ओल धरणारी माती लागते. कुसळी गवत आपोआप येईलच. ते कोवळे असताना चांगला चारा आहे, परंतु कुसळे धरल्यावर जनावरांच्या तोंडात आणि मेंढ्यांच्या अंगात रुतते, म्हणून त्याची कापणी लवकर करावी. विकतच घ्यायचे तर अंजन गवत (हे अंजनाच्या झाडाहून वेगळे) घ्या, 500 ते 600 मिलिमीटर पावसाच्या तुमच्या भागाला ते मानवते. हेक्टरी 4 ते 6 किलो बी पुरते, मात्र ताजे बी नीट उगवत नाही, काही महिने साठवलेलेच मागा. बी हलके असते आणि वाऱ्याने उडते, त्यामुळे माती आणि शेणखतात कालवून बारीक गोळ्या कराव्यात आणि मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर उथळ रेघा ओढून टाकाव्यात. सेंटिमीटरभरापेक्षा खोल गेले तर ते वर येत नाही. बरोबर स्टायलो या द्विदल चाऱ्याचे बी मिसळले तर चाऱ्यात प्रथिने वाढतात आणि जमिनीला नत्र मिळते.

पहिल्या पावसाळ्यात त्या दोन एकरांत एकही जनावर सोडू नका. गवताने बी धरून ते खाली सांडू द्या, मग कापून घरी आणा. दुसऱ्या वर्षीही शक्यतो कापूनच चारा घाला, आणि तिसऱ्या वर्षापासून वाटे पाडून तिथे आळीपाळीने जनावरे चारा. हे ऐकायला लांबचे वाटते. पण धुळे तालुक्यातील लामकानी आणि साक्री तालुक्यातील बारीपाडा या गावांनी चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळूनच आपली कुरणे आणि जंगले परत उभी केली. बारीपाड्याच्या चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. एकदा सवड काढून लामकानीला जाऊन या, आणि शक्य असेल तर दिरांना बरोबर न्या. तिथले गवत डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांना माझे पत्र वाचून दाखवण्याची गरज उरणार नाही.

बी बाहेरून कसे येते याकडेही लक्ष हवे. मेंढ्या बसवल्याने जमीन सुधारते, यात शंका नाही, आणि ठेलारी मेंढपाळ बांधवांशी असलेला हा जुना व्यवहार मोडावा असे मला वाटत नाही. पण वैशाखात वेड्या बाभळीच्या शेंगा पिकलेल्या असतात. मेंढ्या, शेळ्या, गाई त्या चवीने खातात, आणि त्यांच्या पोटातून बी न मरता, उलट उगवायला तयार होऊनच बाहेर पडते. त्यामुळे तुमच्या मोकळ्या रानात लेंडीखताबरोबर बाभळीची पेरणीही झाली असणार. पुढे मेंढ्या पिकाच्या शेतात बसवा, जिथे नांगर-वखराने ती रोपे मरतात. तुमची स्वतःची जनावरे शेंगा खाऊन आली असतील, तर त्यांना आठवडाभर गोठ्यात राखून मगच कुरणात जाऊ द्या आणि ते शेण पूर्ण कुजल्याशिवाय कुरणात टाकू नका. शेंगा गोळा करून, वाळवून, बी फुटेल इतक्या बारीक दळून खुराकात थोड्या मिसळता येतात, मात्र जनावराला नुसत्या शेंगांवर ठेवू नये. काटेरी फांद्यांचे कुंपण करणार असाल तर त्या शेंगा झाडून घेतल्यानंतरच रचा.

सासऱ्यांचा कोळसेवाल्याचा पर्याय मी पूर्णपणे नाकारत नाही, कारण वेड्या बाभळीचे लाकूड उत्तम जळते आणि त्यातून खणणीच्या मजुरीचा काही भाग निघू शकतो. अडचण अशी की कोळसेवाला खोड जमिनीलगत तोडून नेतो आणि बुंधा मागे सोडतो. व्यवहार करायचाच तर बुंधे खणून काढण्याची अट लिहून घ्या, तोही फक्त त्या वर्षी राखता येईल तेवढ्याच तुकड्यापुरता, आणि ज्या बाया तुमच्या रानातून मोळ्या नेतात त्यांचा सरपणाचा वाटा आधी बाजूला काढा. त्याच बायांना रोपे उपटण्याचे रोजगाराचे काम दिलेत तर ते मनापासून होईल, कारण कुठे काय उगवले आहे हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

राहिल्या शेळ्या. त्या विकू नका. दोन वर्षे कुरणापासून दूर ठेवायच्या म्हणजे त्या ओझे वाटतील, पण घरात रोख पैसा त्याच आणतात आणि दुभत्याचा चारा कमी पडला तर त्यांचाच आधार होतो. पावसाळ्यात त्यांना बांधावरचा पाला, सुबाभळीच्या कापलेल्या डहाळ्या आणि बोरीचा पाला गोठ्यात द्या, आणि दिवाळीनंतर नाल्याकडच्या तीन एकरांत घाणेरी काढून झाल्यावर, राखण्या माणसासह, चरायला न्या. बाभळीच्या शेंगा पिकू लागल्या की त्यांना तिथून परत आणा. त्याआधी कालवडीचे काय झाले ते मात्र मला दोन ओळींत कळवा.